अकरावी सातवीण

आमच्या लोंग तेमिरा गावात पुई पेलावाइंच्या नाकाबद्दल वाईट बोलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोला, चालतं. रविवारी चर्चमध्ये ते ज्या आवाजात गातात त्याबद्दल तर सगळेच बोलतात, पाद्रीसुद्धा. पण नाकाबद्दल नाही. नाकाला कुणी काही म्हटलं तर पुई भांडत नाहीत, फक्त त्या माणसाच्या घरच्या लाकडांची नावं मोठ्यानं सांगायला लागतात. "हा खांब तू कधी न कुजणाऱ्या उलिनचा म्हणून घेतलास ना? नीट हुंग. दोन पावसाळे टिकला तर मला सांग." मग त्या माणसाची बायको बाहेर येते, आणि पुढचं भांडण त्या दोघांचं असतं.

पुई म्हणजे आजोबा. ते माझे सख्खे कुणी नाहीत. आम्हा केन्याह लोकांत म्हातारा दिसला की पुई म्हणायचं, म्हणजे नातं काढत बसावं लागत नाही.

पुईंचा धंदा झाडांची नावं सांगण्याचा. ऐकायला सोपा वाटतो. पण आमच्या जंगलात झाडाचं पहिलं पान दीडशे फुटांवर असतं, आणि खाली सगळे बुंधे सारखेच, शेवाळलेले आणि मख्ख. शहरातून शिकून आलेले लोक मान मोडेपर्यंत दुर्बिणीतून वर बघतात. पुई वर बघतच नाहीत. सालीला कोयत्यानं बोटभर खाच मारतात, खाचेला नाक लावतात, डोळे मिटतात आणि नाव सांगून पुढच्या झाडाकडे निघतातही. मागून मी वही घेऊन धावत असतो. मालिनाउच्या शाळेत बारावीपर्यंत शिकल्याचा मला झालेला एकुलता एक फायदा म्हणजे ही वही.

त्यांचा जन्म वरच्या नदीचा. लहान असताना अख्खं गाव होड्या घेऊन खाली आलं, ते इथं स्थिरावलं. अडतिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी भात लावला, डुकरं मारली, उबुंगआजीशी लग्न केलं आणि तिच्याशी रोज वाद घातला. मग लाकूडतोडीची कंपनी आली. कंपनीला करवती चालवणारे मिळाले, बुलडोझरवाले मिळाले, पण कुठलं झाड काय हे सांगणारं कुणी मिळेना. फोरमन होता मकास्सारचा, समुद्राकाठचा माणूस. त्याला झाडांत दोनच जाती ठाऊक होत्या, माड आणि बाकीची. तेव्हा कुणीतरी पुईंचं नाव सुचवलं. दोन वर्षं ते करवतींच्या पुढे पुढे चालले. ते नाव सांगायचे, मोलाचं असेल तर फोरमन झाडावर लाल पत्रा ठोकायचा, बिनकामाचं असेल तर पिवळा. लाल पत्र्याचं झाड महिनाभरात नदीवर तरंगायचं.

तोड संपली. कंपनी गेली, चिखल राहिला. कितीतरी वर्षांनी बोगोरहून बू सुलास्त्री आल्या. बू म्हणजे बाई, मान देऊन; पुरुषाला तसंच पाक. तोडलेलं जंगल तेहतीस वर्षांत किती भरून आलं, म्हणजे त्याचं हरवलेलं वजन किती परत आलं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनाही नावं सांगणारा लागला. पुन्हा पुईच. कोयता तोच, नाक तेच. पत्रा तेवढा आता पांढरा.

"पुई," मी एकदा म्हटलं, "जंगल तोडायलाही तुम्हीच आणि भरून आलं का बघायलाही तुम्हीच?"

"मग? टाके घालणाराच टाके काढतो. दवाखान्यात गेला नाहीस का कधी?"

"पण पोट फाडलं कुणी होतं?"

"वहीत लिही," पुई म्हणाले. "एकशे बारा नंबर, कापूर."

वजनाचं गणित असं. झाड काट्यावर चढवता येत नाही. म्हणून छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर घ्यायचा, आणि झाडाचं नाव लिहायचं. नाव का, तर लाकूड लाकडात फरक असतो. बेंगकिराई पाण्यात टाकली तर दगडासारखी तळाला जाते. सातवीण टाकली तर तिच्यावर बसून माणूस पलीकडे जाईल. घेर तोच असला तरी नाव बदललं की झाडाचं वजन दुप्पट होतं किंवा निम्मं. त्या वजनातला जवळपास अर्धा भाग कार्बन. हे बूंनी पहिल्या दिवशी आम्हाला समजावून सांगितलं, आणि पुईंनी फार लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे जंगलात अर्धा कोळसाच आहे," ते म्हणाले.

"तसं म्हणता येईल, पाक पेलावाइ."

"आम्ही शेतासाठी रान जाळायचो तेव्हा तो डोळ्यांना दिसायचा तरी. तुमचा नुसता वहीत दिसतो."

बू हसल्या. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, डोक्याला गच्च रुमाल, पायात मोजे चढवून त्यांवर जळवांसाठी तंबाखूचं पाणी मारलेलं. कामाला कडक. टेप वाकडी धरली तर स्वतः येऊन सरळ करायच्या, एक शब्द न बोलता. ते जास्त लागायचं.

तर गोष्ट ही गेल्या ऑगस्टमधली. आमचा मुक्काम तिसऱ्या प्लॉटजवळ, ओढ्याच्या काठी. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद अशा चौकोनाला बू प्लॉट म्हणायच्या. ताडपत्रीखाली स्वयंपाकाला उबुंगआजी, त्याही तेहतीस वर्षांपूर्वी कंपनीच्या मुक्कामावर हेच करायच्या. दुपारी पाऊस लागला म्हणून काम थांबलं. बूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कंपनीची जुनी यादी काढली. तोडीच्या आधी केलेली, टंकलेखन यंत्रावर ठोकलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्या यादीतली जी झाडं तोडीत वाचली होती ती आमच्या नव्या वहीशी ताडून बघायला लागल्या. दोन्ही याद्यांत पत्र्याचे जुने नंबर होते, म्हणून ते जमत होतं. कंपनीनं नंबर आसपासच्या रानासकट सलग दिले होते, म्हणून प्लॉटमध्ये झाडं सहाशेच, पण नंबर आठशेच्या वर जायचे.

अर्ध्या तासानं त्यांनी चष्मा काढला.

"आन्ये, हे बघ." आन्ये म्हणजे मी. "जुन्या यादीत दोनशे सहा नंबर सातवीण. आपल्या वहीत मेरांती. दोनशे एकतीस, जुनी सातवीण, आपल्याकडे बेंगकिराई. तीनशे नव्वद, सातवीण, आपल्याकडे कापूर. अशी दहा झाडं आहेत. दहाही सातविणी."

मी पुईंकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

"सातवीण कापली की दूध येतं," बू म्हणाल्या. "कापूर कापला की अख्खं रान घमघमतं. या दोन्हींत ज्याला फरक कळला नाही त्यानं बाकीची सहाशे झाडं काय ओळखली असतील?" त्यांनी शेवटचं पान उलटलं. "झाडं ओळखणारा, इंगान लाहांग. कोण होता हा? याला नाक होतं का नाही?"

डाव भांड्यातच थांबला. उबुंगआजींनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

आता आमच्यातली एक पद्धत सांगायला हवी. माणसाला नातवंड झालं की त्याचं नाव बदलतं. पुईंना पहिला नातू झाला, त्याचं नाव लावाइ ठेवलं, त्या दिवसापासून हे पेलावाइ. त्याआधी चाळीसेक वर्षं त्यांचं नाव इंगान होतं. गावात हे पोराटोरांनाही ठाऊक. बोगोरला कसं ठाऊक असणार?

"ही यादी खोटी धरली," बू स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तर तोडीआधी इथं किती वजन होतं तेच कळणार नाही. मग किती परत आलं ते कशाच्या आधारावर सांगायचं? हा प्लॉटच सोडून द्यावा लागेल." मग जरा मोठ्यानं, "आहे का जिवंत, हा इंगान?"

"आहे," पुई म्हणाले.

"कुठं सापडेल?"

"जेवायच्या वेळी हमखास सापडतो," उबुंगआजी म्हणाल्या.

पुई उठले. गुडघे वाजले. ताडपत्रीच्या कडेला जाऊन बाहेर थुंकले, परत आले आणि बूंच्या समोर मांडी घालून बसले. त्यांचा चेहरा असा मी एकदाच पाहिला होता, चर्चच्या निवडणुकीत ते एका मतानं हरले तेव्हा.

"बू, एक गोष्ट नीट लिहून घ्या. तो इंगान खोटारडा होता. पक्का खोटारडा. पण त्याचं नाक उत्तम होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"तो मीच."

बूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग उबुंगआजींकडे. आम्ही दोघांनीही मान हलवली.

"मग पाक, तुम्हाला सातवीण ओळखता येत नव्हती?"

"येत नव्हती?" पुईंचा आवाज ताडपत्रीला लागला. "मला? मी पाळण्यात होतो तेव्हा... जाऊ दे. ओळखता येत होती म्हणूनच सातवीण सांगितली! सातविणीला कंपनी हात लावत नाही. लाकूड भुसभुशीत, कुणी फुकटही घेत नाही. फोरमनला काय कळतंय? मी सातवीण म्हटलं की तो पिवळा पत्रा ठोकायचा. झाड वाचलं. दहा झाडं खोटी सांगितली मी. एकेकाचं कारण सांगतो. चला, उठा."

"पाऊस आहे."

"तुम्ही माझ्या नाकाबद्दल बोललात तेव्हा पण पाऊसच होता."

आणि गेलो आम्ही. भर पावसात, चौघे, पुई पुढे. उबुंगआजींना यायची गरज नव्हती, पण भाताखालचा विस्तव ओढून त्या निघाल्या. असली संधी त्या सोडणार नव्हत्या.

दोनशे सहा नंबरची मेरांती सरळसोट, तीन माणसांच्या कवेत न मावणारी. बुंध्यावर कंबरेइतक्या उंचीला जुन्या कोयत्याच्या दोन खाचा, आता ओठांसारख्या मिटलेल्या. ही पुईंच्या मामांनी होडीसाठी धरून ठेवलेली. ज्यानं आधी झाड पाहिलं त्यानं खूण करायची, मग दुसरा कुणी हात लावत नाही, असा आमचा नियम. मामा गेले, होडी करायची राहिली.

"मामांची खूण असताना मी लाल पत्रा ठोकून घेऊ?" पुई म्हणाले. "वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?"

बू लिहीत होत्या. त्यांच्या तक्त्यात कारणांसाठी रकानाच नव्हता. त्या कागदाच्या पाठीमागे लिहू लागल्या.

तीनशे नव्वदचा कापूर सासूबाईंच्या पेटीसाठी. आमच्याकडे शवपेटीचं लाकूड आधीच हेरून ठेवतात, शहाणी माणसं तर नक्कीच. तेहतीस वर्षांपूर्वी सासूबाईंना ताप भरला होता, आणि पुईंनी जावयाचं कर्तव्य म्हणून हे झाड राखलं होतं.

"मग वापरलं नाहीत?"

"म्हातारी अजून आहे," पुई जरा वैतागूनच म्हणाले. "त्र्याण्णव वर्षांची. झाडही उभं, तीही उभी. दोघांचाही घेर वाढतोय."

"माझ्या आईला टेप लावलीस तर बघ," उबुंगआजी म्हणाल्या.

चारशे दोनवर धनेश पक्ष्याचं घरटं होतं. चारशे चाळीसच्या मुळांवर टेकून बसलं की पाठीला बरं वाटायचं, म्हणून. "हेही कारण लिहू?" बूंनी विचारलं. "लिहा ना. पाठ माझी होती." चारशे एकेचाळीस, बेचाळीस आणि सेहेचाळीस ही तिन्ही झाडं एकाच दिवसाची. त्या सकाळी फोरमननं पुईंना सगळ्यांदेखत 'ए' म्हणून हाक मारली होती.

"एका 'ए'ला तीन झाडं?" मी विचारलं.

"चौथंही सांगणार होतो. तोवर त्यानं विडी दिली."

पाचशे सत्तरपाशी मात्र पुई थोडे रेंगाळले. जाडजूड बेंगकिराई, एका बाजूला वाकलेली. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला, घसा साफ केला.

"इथं," ते म्हणाले, "लग्नाच्या आधी मी आणि उबुंग..."

"इथं नाही," उबुंगआजी म्हणाल्या.

"इथंच. मला आठवतंय."

"मी लग्नाआधी ओढ्याच्या या बाजूला कधी आलेच नव्हते. माझ्या बापानं तंगडी मोडली असती. कोण होती ते आठव."

बूंनी पेन कागदावरून उचललं. पुईंनी झाडावरचा हात काढला.

"घरटं लिहा," पुई म्हणाले. "याच्यावरही घरटं होतं."

परत येईपर्यंत सगळे चिंब. पण पुई खुशीत. दहा खोटी आणि दहाही कबूल, नाकाला डाग नाही. खोटारडा ठरल्याचा माणसाला इतका आनंद झालेला मी आधी पाहिला नव्हता. भात गार झाला होता, आजींनी पानात गुंडाळलेल्या भाताच्या मऊ पुड्या सोडल्या, धुरावलेलं डुकराचं मांस काढलं. बूंनी मांस घेतलं नाही, त्यांच्यासाठी सुकी मासळी होती. त्यांनी एका हातानं खात दुसऱ्या हातानं यादी पुन्हा चाळली.

"तर पाक, जुन्या यादीत जिथं सातवीण आहे तिथं तिथं खोटं आहे, असंच ना? मग ही यादी चालेल. दहा नावं दुरुस्त करायची, बाकीची जशीच्या तशी. प्लॉट राहील."

"अगदी तसंच."

"पण सातविणी अकरा आहेत."

पुईंचा घास हातातच राहिला.

"आठशे चौदा नंबर," बू म्हणाल्या. "ओढ्यापलीकडचा कोपरा, तिथलं यादीतलं हे एकच झाड. तिथं आपण अजून गेलो नाही. उद्या सकाळी आहे. ही अकरावी कशासाठी वाचवलीत?"

"उद्या सांगतो," पुई म्हणाले.

"खोटी आहे ना तीही?"

"म्हटलं ना, उद्या."

आजींनी त्यांच्यापुढं मांसाचा दुसरा तुकडा ठेवला. पुईंनी तो परत केला. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्यांच्या, असं कधी घडल्याचं आजींना आठवत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला.

पुईंची अडचण मला तेव्हा कळली नाही, पण आता सांगतो, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे कोड्यात राहणार नाही. त्या अकराव्या झाडाला त्यांनी कोयता लावलाच नव्हता. दुसऱ्या काठावरून नुसतं बघून नाव सांगितलं होतं. ती खरंच सातवीण होती की आणखी काही, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. खरी म्हणावं आणि निघावा कापूर, तर नाक गेलं. खोटी म्हणावं आणि निघावी सातवीण, तर खोटं बोलल्याचं खोटं सांगितलं असं व्हायचं, आणि त्या दहांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मग यादी गेली, प्लॉट गेला, आणि इंगानला नाक नव्हतं हे वाक्य बोगोरच्या कागदांवर कायमचं छापलं जाणार.

सकाळी आम्ही चौघांनी आणि टेप धरणाऱ्या गावातल्या दोन पोरांनी ओढा ओलांडला. पाणी पोटरीपर्यंतच होतं. पुई आज पुढे नव्हते, सगळ्यांच्या मागे होते. नकाशावरून बूंनी जागा काढली. मागे, मुक्कामाच्या काठावर, आठशे तेरा आणि आठशे पंधरा. आणि त्यांच्या समोर, जिथं आठशे चौदा उभं असायला हवं होतं, तिथं आभाळ होतं.

झाड कधीच पडलं होतं, दहा वर्षं झाली असतील नाहीतर पंधरा. जमिनीवर नेच्यांनी झाकलेला लांबच लांब उंचवटा राहिला होता, थडग्यासारखा. मी काठीनं चाळवलं तर लाकूड नव्हतंच, लालसर ओला भुगा. एका टोकाला गंजलेला खिळा आणि त्याला लटकलेला पिवळा पत्रा सापडला. आठशे चौदा.

"मेलं," बू म्हणाल्या आणि तक्त्यात तशी खूण केली. "इतक्या लवकर कुजलं म्हणजे हलकं लाकूड असणार. सातवीणच असेल. होय ना, पाक?"

इतकी सोपी सुटका. मान हलवली की झालं. झाड साक्ष द्यायला येणार नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला, पुईंच्या वाटचासुद्धा.

पुई उकिडवे बसले. मूठभर भुगा घेतला. कुस्करला. नाकाशी नेला, डोळे मिटले. आम्ही वाट बघत राहिलो. एरवी झाडाला ते जेवढा वेळ देतात त्याच्या दसपट वेळ गेला असेल.

"माती आहे," ते म्हणाले.

"सातविणीची?"

"मातीची." त्यांनी मूठ सोडली. हात पँटला पुसले. "बू, मला माहीत नाही हे कुठलं झाड होतं."

त्यांच्या तोंडून हे शब्द एकापाठोपाठ एक बाहेर पडताना ऐकणं म्हणजे विचित्रच. आजींच्या हातातली पाण्याची बाटली घसरली.

"मी हुंगलं नव्हतं," पुई म्हणाले. "त्या काठावरून बघितलं, पांढुरकी साल दिसली, सातवीण म्हणून सांगून टाकलं."

"इकडं आला का नाहीत?"

"ओढ्याला पाणी होतं."

"पाणी?" आजी म्हणाल्या. "कुठलं पाणी? मला सगळं आठवतंय. कोरडा महिना होता तो. तांदूळ धुवायला पाणी मिळेना म्हणून मी अर्धा कोस वर जायची. ओढ्यात दगडच दगड होते, तू त्यांवर जाळं वाळत घातलं होतंस."

"थोडं होतं."

"बेडूक बुडण्याइतकंही नव्हतं."

"उबुंग..."

"सांग की. झाड मेलंय, फोरमन मेलाय, मी काही कुणाला सांगत नाही." हे आजी म्हणाल्या ते बू, मी आणि टेपवाले दोघेजण, अशा चौघांसमोर.

पुईंनी एकदा आभाळाकडे बघितलं. मग एकदम, घाईघाईनं, जणू एका घोटात औषध प्यायचं आहे तसं सांगून टाकलं.

"इसित आडवा गेला. चुकीच्या बाजूनं. मी ओढ्यात पाय टाकणार तेवढ्यात."

इसित म्हणजे लांब चोचीचा मुठीएवढा पक्षी. तो चुकीच्या बाजूनं आडवा गेला की आमचे पूर्वज युद्धावरूनसुद्धा माघारी फिरायचे. पण आम्ही ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या. पक्ष्यांचं ऐकायचं नाही, हे चर्चमध्ये शिकवतात. दर रविवारी शिकवतात. आणि शिकवणाऱ्यांत त्या काळीही आणि आजही सर्वांत मोठा आवाज पुईंचा असतो.

"म्हणजे पुई," मी म्हटलं, "गेल्याच महिन्यात तुम्ही जालुंगला सगळ्यांदेखत झापलंत. पक्षी बघून तो डुकराच्या शिकारीवरून परत आला म्हणून."

"बरोबरच झापलं. त्यानं घरी येऊन सांगितलं. मी तेहतीस वर्षं कुणाला बोललो का?"

आजी खाली बसल्या. हसता हसता त्यांना उभं राहवेना. "मला वाटलं होतं पलीकडं ती बेंगकिराईवाली राहत असेल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या. टेपवाल्यांनी तोंडं फिरवली. पुई एकटेच गंभीर उभे, आणि ते फक्त बूंकडे बघत होते.

बू लिहीत नव्हत्या. त्यांनी यादीची पानं मागे पुढे केली, ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"सहाशे तेवीस झाडं," त्या म्हणाल्या. "दहा खोटी, त्यांची कारणं माझ्याकडे आहेत. एक न हुंगलेलं. बाकी सहाशे बारा?"

"एकूण एक हुंगलेली," पुई म्हणाले. "पावसात, तापात, फोरमनच्या शिव्या खात. बू, मला खोटारडा लिहा. पक्ष्याला भ्यायलेला लिहा हवं तर, पण ते पाद्रीबाबांना पाठवू नका. फक्त त्या सहाशे बारांना हात लावू नका."

"पाक, मी पंधरा वर्षं याद्या वाचतेय. सहाशेत एकच झाड जवळून न बघता लिहिलंय असं सांगणारा माणूस मला अजून भेटला नव्हता. आमच्याकडे तर अख्खे डोंगर ऑफिसात बसून लिहिलेले आहेत." त्यांनी आठशे चौदासमोरची सातवीण एका रेघेनं खोडली. "कारण काय लिहू?"

"लांबून पाहिले," मी सुचवलं.

"लांबून पाहिले," त्यांनी लिहिलं. "यादी राहील. प्लॉटही राहील."

पुईंनी कोयत्याची धार अंगठ्यावर बघितली, जी त्यांनी सकाळीच बघितली होती.

झाड पडलं त्या जागी वरून ऊन येत होतं, आणि त्या उन्हाच्या तुकड्यात पोरवयाची झाडं दाटीवाटीनं उभी होती. मनगटाएवढी, दंडाएवढी, एकमेकांना ढकलत वर निघालेली. एक तर मेलेल्या खोडाच्या भुग्यातच मुळं घालून उभं होतं. बूंनी टेप लावली.

"पस्तीस सेंटिमीटर घेर. हे यादीत घ्यावं लागेल. नवा नंबर. आन्ये, लिही. पाक, नाव?"

पुई पुढे झाले. झाड इतकं बारीक की खाच बुडाशीच मारायची म्हणून ते अर्धवट गुडघ्यांवर बसले. खाच मारली ती अगदी नखाएवढी, पोराला टोचावं तशी. नाक लावलं. मग डोळे उघडून मागे वळले.

"उबुंग, इकडे ये. हुंग."

"मी कशाला?"

"साक्षीला. पुन्हा तेहतीस वर्षांनी भांडण नको."

आजी कुरकुरत आल्या. वाकल्या, हुंगलं.

"काय येतंय?"

"झाडासारखा वास येतोय."

"कपाळ माझं! आन्ये, तू ये."

मी गेलो. आणि मला, ज्याला घरच्या खांबाचंही नाव सांगता येत नाही त्याला, तो वास आला. थंड, तिखट, ट्रंकेतल्या जुन्या कपड्यांसारखा.

"कापूर?" मी विचारलं.

"विचारतोस काय? सांग."

"कापूर," मी म्हटलं.

"जोरात. बूंना ऐकू गेलं पाहिजे."

बू तीन हातांवर उभ्या होत्या. तरी मी ओरडलो. पुईंनी पांढरा पत्रा माझ्याकडून घेतला, एक खिळा ओठांत धरला, आणि दुसरा सावकाश, खोडाला धक्का न लावता ठोकायला लागले. आजी मागून म्हणत होत्या की खिळा वाकडा जातोय, आणि पुई खिळा तोंडातून काढल्यावर काय बोलायचं ते ठरवत होते.